शून्य नंबरचा ब्रश

पहाटे साडेपाच. सासवडच्या पुढे, वनपुरीत,
सीताफळाच्या बागेत मी उभा असतो.
खिशात कॅमेऱ्याच्या रिळाची जुनी डबी, कानावर ब्रश,
शून्य नंबर, खारीच्या केसांचा.
ह्याच ब्रशने तीस वर्षं नाना पेठेत
दुकानांच्या पाट्यांवर अनुस्वार दिले.
मग फ्लेक्स आला.

तनुजा झेंडे, बी.एस्सी. ॲग्री,
बागेची पाटी रंगवून घ्यायला आली होती.
पाटीपेक्षा माझ्या मनगटाकडे बघत राहिली.
म्हणाली, काका, हात थरथरत नाही तुमचा.
म्हटलं, पोटात थरथरतं, हातात येऊ देत नाही.
म्हणाली, मग जूनपासून या.

पहिल्या दिवशी तिने फूल दाखवलं.
फूल कसलं, हिरवट जाड तीन पाकळ्या,
खाली मान घातलेल्या.
"हे काल बाई होतं, आज बुवा झालंय."
बाई असताना ओलं, जेमतेम किलकिलं.
रात्र सरते, ओल सुकते,
पाकळ्या सैल पडतात, आणि तेव्हा पराग सुटतो,
त्याच फुलाचा,
त्याच फुलाला उशीर करून.
मला लगेच कळलं.
मंदाकिनी बारा वर्षं ससूनला रात्रपाळीची आया होती,
मी दिवसभर शिडीवर.
उंबऱ्याशी चपला तेवढ्या भेटायच्या.

पूर्वी हे काम एक बारका काळा किडा करायचा.
वासाने यायचा, फुलातच मुक्काम ठोकायचा,
सकाळी अंगाला पीठ फासून उठायचा.
आजूबाजूच्या फवारण्यांनी तो विरळ झाला.
त्याच्या जागी मी.
मला रोज मिळतो, एवढाच फरक.

बुवा फुलं झटकून पराग डबीत घ्यायचा,
मग ब्रश बाई फुलात गोल फिरवायचा. पूर्ण गोल.
आतल्या प्रत्येक टोकाला आपला आपला कण लागतो,
त्या प्रत्येकाचा पुढे फळावर एक डोळा होतो.
राहिला तो मिटलेलाच.
नऊच्या आत सगळं. मग ऊन ओल पिऊन टाकतं.

चौदा जूनला, सातव्या ओळीत, फोन वाजला.
सिकंदर तांबोळी. "उस्ताद,
चिंतामणी सायकल मार्टची पाटी उतरवतायत.
भंगारात देऊ?"
त्यातला 'ण' मी तीनदा पुसला होता,
मालक चहा पाजत उभा होता तरी.
ब्रश फुलात अर्धा फिरलेला.
मी म्हटलं, दे.
कुणाला दे, ते मी बोललो नाही,
त्याने विचारलं नाही.
देठाला लाल दोरा बांधला, राहिलेलं परत येऊन करू म्हणून,
आणि बांधावर जाऊन बसलो.
आलो तेव्हा साडेनऊ झाले होते.

नवरात्रात तोडा लागला.
क्रेट भरून गुलटेकडीला चालले होते,
गोल, टपोरी, डोळे फाकलेली फळं.
शंभर फुलांतली दोन-तीन धरायची, तिथे
आता फांद्यांना टेकू द्यावे लागले.
तनुजा काट्यावरचे आकडे मोठ्याने वाचत होती.

लाल दोऱ्याचं एक निघालं.
एक गाल फुगलेला, दुसरा चपटा,
दाढ सुजलेल्या माणसासारखं.
"हे कुणाचं काम?"
म्हटलं, चिंतामणी सायकल मार्ट.
ती हसली, तिला काही कळलं नाही,
ते फळ तिने माझ्या पिशवीत टाकलं.

रात्री मंदाकिनीने ते फोडलं.
आता ती घरीच असते, तरी नऊला डोळे टक्क उघडे.
भरलेली बाजू मी तिच्याकडे सरकवली.
चपट्या बाजूत बी एकही नाही,
गर नावापुरता.
तिने बिया बशीच्या कडेने ओळीत लावल्या,
का, ते माहीत नाही. एकोणीस.
काळ्या, ओल्या.
वाळायच्या आधी एनॅमल असाच चमकायचा.