वाइजमनला चतुर्थी

रात्र आम्हीच बनवतो.
पोळ्या गुंडाळायचं फॉइल
आरव्हीच्या सातही खिडक्यांना टेपनं चिकटवून,
चकाकती बाजू बाहेर.
अप्पा कोपरे दाबत जातात
नव्या वहीला कव्हर घालावं तसे.
तरी कुठून तरी एक तिरीप
सिंकमधल्या चमच्यावर येऊन बसतेच,
रात्री साडेअकराला.

फेअरबँक्स सोडून तीन दिवस झाले.
खडीचा रस्ता, सोबतीला तेलाची पाइपलाइन,
मैलभर जमिनीखाली जाते,
मग पुन्हा बाजूला, काही न बोलता.
युकॉन ओलांडल्यावर ट्रकनं खडा उडवला.
पुढच्या काचेवर बोटभर चीर.
अप्पांनी मार्करनं तिच्या टोकाशी तारीख घातली.
काल पुन्हा घातली. आज पुन्हा.
बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस,
चीर कुठवर आली ते त्याला लेखी लागतं.

टाकीतली घाणही तेच सोडतात,
कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून.
"लांब हो," म्हणतात,
"तुझ्या वेळी हे सगळं तुझ्या आईनं काढलं.
माझी पाळी राहिली होती."

आज चतुर्थी.
उपास आईचा.
ती गेल्यावर अप्पांकडे आला,
गॅसची जोडणी नावावर व्हावी तसा.
कशासाठी धरला होता, तिनं सांगितलं नाही.
माझ्या व्हिसासाठी, असं मावशी.
माझी दारू सुटावी म्हणून, असं अप्पा.
कशासाठी तेच माहीत नाही
तर फळला की नाही कसं कळणार?
म्हणून बंद करता येत नाही.

सकाळपासून दोन केळी आणि चहा.
कुकरमध्ये वरणभात निवतोय.
सूर्य डोंगराच्या माथ्यावरून आडवा सरकतोय,
गल्लीत घराचा नंबर शोधणाऱ्यासारखा.
फोनमध्ये चंद्रोदयापुढे
नुसती एक रेघ.

मी म्हटलं, साताऱ्याची वेळ धरू,
तिकडे उगवून मावळलासुद्धा.
ते म्हणाले, "तिकडचा तिकडे.
भूक इथे लागलीय."

डासांची जाळी तोंडावर घेऊन
शेजारच्या ओंडक्यांच्या घरातून लव्हर्नबाई आल्या.
हातात रुबार्बचे लाल दांडे, स्वतः लावलेले.
अप्पांनी उलटसुलट करून पाहिले.
रुबार्ब उपासाला चालतं की नाही
कुणी ठरवलेलं नाही.

हे जेवत का नाहीत, त्यांनी विचारलं.
मी सांगितलं. बाई हसल्या नाहीत.
दक्षिणेच्या डोंगराकडे हनुवटी करून म्हणाल्या,
"जूनमध्ये त्याला ही चढण चढवत नाही.
डिसेंबरात या.
सूर्य नसतो तेव्हा,
आणि पौर्णिमेच्या आसपास हा
चार-चार दिवस मावळायचं नाव घेत नाही."

मी मराठीत सांगितलं.
अप्पांनी दोनदा सांगायला लावलं.
मग चष्मा काढून
शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला.
"सतत वरच असेल," म्हणाले,
"तर धरायचा कधी,
आणि सोडायचा कधी?"
लव्हर्नबाईंना याचं भाषांतर मला जमलं नाही.

दीडला ते आत गेले, उपाशी.
मी बाहेर पायरीवर.
उन्हात बसून झोप येत नव्हती
आणि दुःखही नीट येत नव्हतं,
त्यालाही थोडा अंधार लागत असावा.
कुकरला हात लावून पाहिला. गार.

मध्येच डोळा लागला.
जाग आली ती काचेशी चाललेल्या खुडबुडीनं.
स्वेटरवर मफलर, हातात मार्कर.
चीर काही वाढली नव्हती.
तरी तारीख घातली.

मग गार वरणभात ताटलीत घेतला,
उभ्यानंच कालवला, सगळा खाल्ला.
रुबार्बच्या दांड्याला मीठ लावून चावले,
तोंड वाकडं केलं, पुन्हा चावले.

मी काही विचारलं नव्हतं.

"हे उपास सोडणं नव्हे," म्हणाले,
"हे नुसतं खाणं.
उपास आहे अजून.
तू गाडी काढ."