शकेल

विधेयक क्रमांक दोनशे एकेचाळीस
मंजूर झालं मेच्या नऊ तारखेला, रात्री पावणेअकराला,
मॉन्टपेलियरच्या सोनेरी घुमटाखाली,
अठरा विरुद्ध अकरा.
गॅलरीत आम्ही पाचजण उरलो होतो,
बाकीच्यांना पहाटेच्या पाळ्या.
डेल्फीन थिबोनं माझा हात दाबला,
"जिंकलो ना गं?"
बैठकांचं इतिवृत्त मी लिहिते,
म्हणून सगळ्यांना वाटतं, मला कळत असणार.

डेल्फीनच्या ट्रेलरमध्ये, तिच्या स्वयंपाकघरात,
तीन हिवाळे आम्ही एक वाक्य घासत होतो:
विहीर बिघडल्यास मालक ती तीस दिवसांत दुरुस्त करील.
छापून आलं ते असं:
दुरुस्त करू शकेल.

इंग्रजीत तीन अक्षरांचा फरक.
मी मनात मराठीत उतरवला तेव्हा लागला.
शाळेत पेंढरकर बाई सांगायच्या,
शकणे हे बिचारं सहायक क्रियापद,
एकटं उभं राहत नाही, दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालतं.
बाई, त्यानं खांद्यावरचा हात गळ्यावर नेला.

भाडेवाढीला मर्यादा घालणारं दुसरं विधेयक
फेब्रुवारीतच भिंतीवर गेलं.
इथं असंच म्हणतात.
विधेयक मरत नाही,
समितीच्या खोलीत टाचणी लावून राहतं,
अधिवेशन संपेपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.
आमच्याकडे भिंतीवर गेलेल्याला
निदान हार तरी घालतात.

वेंडेल कूटरमार्श साक्षीला गेला होता, तेव्हाचं आठवतं.
दोन मिनिटं मिळाली होती.
त्यानं कोटाच्या आतून बरणी काढली,
नळाचं पाणी, बिनदुधाच्या चहासारखं,
आणि ठेवली टेबलावर.
अध्यक्षीणबाई म्हणाल्या, टेबल जुनं आहे हो,
खाली कागद घ्या.
कागद आमच्याच विधेयकाची प्रत होती.
ओलं वर्तुळ उमटलं कलम चारवर.
वेंडेलची एक मिनिट दहा सेकंदं
त्या कागदातच गेली.

तो एप्रिलमध्ये गेला. यकृत.
पाण्याचा संबंध नाही, डॉक्टर म्हणाले,
आणि मी इतिवृत्तात तसंच लिहिलं,
कारण खोटं लिहिलं की पुढचं खरंही गळतं.
मी बॅरेत ग्रॅनाइटच्या शेडमध्ये हिशेब बघते.
त्याच्या दगडाचं बिल मीच काढलं.
ते मात्र एका दिवसात मंजूर झालं,
कुणी एक शब्द हलवला नाही.

सहीच्या दिवशी गव्हर्नरांनी पेनं वाटली.
आमच्या वाट्याला एक, माणसं अकरा.
ते आता डेल्फीनकडे किल्ल्यांच्या खुंटीला दोऱ्यानं लटकतं,
वाणसामानाची यादी लिहायला.

एक कलम मात्र जसंच्या तसं वाचलं:
मालक वर्षातून दोनदा पाणी तपासून घेईल
आणि रहिवाशांना लेखी कळवील.
कळवील. बघा, इथं शकेल नाही.
कसं निसटलं त्यांच्या हातून, देव जाणे.
बहुतेक जेवणाची वेळ झाली असावी.

सप्टेंबरात पत्रं आली, बेचाळीस ट्रेलर, बेचाळीस लिफाफे.
आपल्या पाण्यात मँगनीज मर्यादेच्या तिपटीहून जास्त आहे.
लहान मुलांना देऊ नये.
खाली सही, तारीख, फोन नंबर.
डेल्फीननं ते फ्रिजवर चिकटवलं,
नातीच्या चित्राशेजारी,
आणि चष्मा काढून म्हणाली,
"बावीस वर्षं मला वाटत होतं, माझ्याच जिभेत दोष आहे."

मग तिनं विकतच्या पाण्याचा कॅन तिरका केला,
कॉफी ठेवली,
मी वही उघडली.
उपस्थिती: सात.
वेंडेलची बरणी अजून खिडकीत आहे.
गाळ खाली बसलाय, वरचं पाणी इतकं नितळ
की नवख्याला वाटावं, प्यायला हरकत नाही.
कुणीतरी खुर्ची सरकवली, टेबल भिंतीला लागलं.
विषय पहिला, मी लिहिलं:
करील.