पत्ता तपासणी

ग्वाल्हेरात तिसरा दिवस.
बँकेचे सोळा पत्ते हातात,
टेम्पोवाला म्हणाला, हजिऱ्याला उतरा, पुढे विचारा.

बंद गिरणीच्या लाइनीत घरांना नंबरच नव्हते.
पण रामकली कोरी म्हटल्याबरोबर
तीन दारांतून तीन हात एकाच दिशेला.
ती नळावर होती. शेजारणीनेच
तिचं वय, हप्ते, जावयाचं पिणं
सगळं सांगून टाकलं.
फॉर्मात एवढे रकाने नाहीत.

सिटी सेंटरला पितळी पाटी,
नंबर रस्त्यावरून वाचता येणारा.
समोरच्या फाटकाशी विचारलं,
पलीकडे कोण राहतं?
"कल्पना नाही."
कुत्रा तेवढा मनापासून भुंकला.

दोन्हीकडे खूण केली: पत्ता बरोबर.

परतताना रिक्षावाला म्हणाला,
कुठे राहता, साहेब?
मी खिशातली चिठ्ठी काढली.