नोंद क्रमांक ४१

कर्त्याचं नाव: नाही.
साल: पुसट.
कॅसेटवर छापलंय
‘नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव खेळ’,
मोजले तर सातच.

बाई विचारतात, पान क्रमांक?
मी लिहिते: तिसरा पूल ओलांडल्यावर,
ढगाखाली, उडी हमखास चुकते तिथे.
आवृत्ती खारेगावची,
हरेश्वर भोईरच्या दुकानातली,
तासाला पाच रुपयेवाली.

जतनाचे नियम कडक.
फुंकर मारायची नाही.
स्पिरिटचा बोळा
पितळी पट्ट्यांवरून अलगद फिरवायचा,
मगच प्रत काढायची.

काढली. खेळ जसाच्या तसा उतरला,
चुकणाऱ्या उडीसकट.

बोळा मात्र काळा झाला.
इतक्या वर्षांच्या फुंकरा,
नाक्यावरच्या सगळ्या पोरांच्या,
एखादी माझीही असेल,
भाऊ रिमोट देत नसे तेव्हाची.

टाकला नाही.
डबीत आहे.
बाईंना अजून सांगितलेलं नाही.