पूर्ण सात

तिचं नाव मी फळ्यावर लिहिलं नाही,
नुसता फोटो अडकवला खिळ्याला:
कातडी टोपी, गुडघ्यापर्यंत बूट, काळी बाई
विमानाच्या पंखावर हात ठेवून उभी,
जसा आपण बैलाच्या वशिंडावर ठेवतो.

मानवतच्या शाळेत दिवाळीनंतर
पटावर चाळीस, बाकांवर अकरा.
बाकीच्या पऱ्हाटीत.

सांगितलं, हिची आई कापूस वेचायची. हीसुद्धा.
हिच्या देशात हिला उडायला कुणी शिकवेना,
मग परकी भाषा शिकली, समुद्र ओलांडला,
आणि तिथून वर गेली.

कुशावर्ता शेवटच्या बाकावर,
बोंडाच्या नखांनी चिरलेलं बोट तोंडात.
"बाई, तिथं बी काटा मारत्यात का?"
मारत असतील, म्हटलं.
"आमचा मुकादम सातातले दीड खातो.
मी लिहून ठेवायली सगळं, वहीच्या मागल्या पानावर."

मग बराच वेळ ती फोटोकडे.
"इमानात बसताना हिला तोललं असंल नं?"
असेल.
"तवा तरी खरं वजन धरलं असंल.
न्हाई तर पडंल की."

मला पुढचा धडा आठवेना.
तेवढ्यात नांदेडकडून एक आवाज आला,
दहा जणी खिडकीशी धावल्या,
नुसती पांढरी रेघ दिसली म्हणे.

एक फळ्यापाशी.
तिनं वर पाहिलंच नाही.
फोटोखाली खडूनं आकडा मांडत होती,
दाबून, खडू मोडेपर्यंत:
सात.