कुत्र्याचं नाव

पहिली शाळा कोणती?
भाळवणीची. दादाला माहीत आहे,
ओढ्याला पाणी असलं की माझं दप्तर तोच धरायचा.
पाळीव प्राण्याचं नाव?
बंड्या. शेपटीनं तुटका.
मेला तेव्हा खड्डा दादानं खणला, मूठभर मीठ मी टाकलं.
आईचं माहेरचं आडनाव?
म्हणजे दादाला आता
दादाच्याच मामाचं आडनाव विचारणार.

मिरजेत निलोफर मुजावरच्या खोलीत,
खाली औषधांचं होलसेल दुकान, जिन्यात पुठ्ठ्यांचा वास,
मी पाय पोटाशी घेऊन बसले आहे
आणि फोन मला विचारतोय, तू तूच कशावरून.

खातं दादानंच काढून दिलेलं.
सेलमचं गलाईचं दुकान मोडून आला त्या जूनमध्ये,
विट्याच्या स्टँडसमोरच्या कॅफेत, बारावीच्या फॉर्मसाठी.
पासवर्डही त्याचाच: माझं नाव, त्याची जन्मतारीख.
"विसरलीस तर मी हाय की."
मी कधी विसरले नाही.
तो मात्र होताच.

गेल्या गुरुवारी भाकरी मोडता मोडता म्हणाला,
"हुबळी लांब पडंल गं तुला."
हुबळीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
एक अर्ज केला होता फक्त, रात्री, पांघरुणात.
आईनं आमटी वाढली.
मी मीठ मागितलं. मीठ बरोबर होतं.

"आधी त्याचा नंबर काढ," निलोफर म्हणते, "पासवर्ड मग.
उलटं केलंस तर ओटीपी त्याच्या खिशात वाजेल."
"नंबर काढल्याचंही कळेलच की त्याला."
"कळू दे. कळेपर्यंत कडी लावलेली असेल."
डोळ्यांच्या दवाखान्यात आहे ती, थेंब टाकायचा हात.
वर बघ. हलू नकोस. झालं.

खातं चार ठिकाणी उघडं आहे, फोन सांगतो.
एक हा, हातातला.
एक तासगावच्या कोल्ड स्टोरेजमधला,
जिथं मी बेदाण्याचे बॉक्स चढवते-उतरवते, कागदावर.
एक दादाचा. तो धरलाच होता.
चौथा माझाच जुना, काच तडकलेला,
जो त्यानं गणपतीत विकला.
बाराशे आले म्हणाला. मोजून हातावर ठेवले.
त्या पैशांची चप्पल
आत्ता निलोफरच्या दाराशी काढून ठेवली आहे.

सगळीकडून बाहेर पडा, असं एक बटण असतं.
एवढंसं.

मग पुन्हा तेच प्रश्न.
"खरं लिहू नकोस," निलोफर म्हणते,
"खरं त्याला पाठ आहे."
म्हणून मी एका शाळेत जाते
जिच्या गावाला आमची एसटी जात नाही.
एक मांजर पाळते. आमच्याकडं मांजर कधी टिकलं नाही,
पण हिला मी रंग दिला, एक कान थोडा दुमडलेला दिला,
नाव दिलं. ते इथंही लिहीत नाही.
आईच्या माहेराशी हात अडला.
आईला विचारल्याशिवाय दुसरं माहेर देणं...
मग दिलं. पाण्याकाठचं.
मोठ्या दाराचं, दोन्ही बाजूंनी उघडणारं.

रात्री विट्यात, अकरा चाळीसला,
स्क्रीन उजळली:
कुणीतरी तुमच्या खात्यात शिरायचा प्रयत्न केला.
ठिकाण, विटा.
थोड्या वेळानं पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

मधली भिंत चार इंची आहे.
पलीकडं पंख्याची कटकट, खाटेची कुरकुर.
तो काय टाकून बघतोय मला कळतंय.
बंड्या.
मग इंग्रजीत बंड्या.
मग आम्ही दोघंच म्हणायचो ते, बंडोबा.
अंधारात बसून धैर्यशीलदादा
आमच्या मेलेल्या कुत्र्याला हाका मारतोय
आणि माझं मांजर
ओ देत नाही.

मला रडू आलं. बंड्याचंच आलं असावं.

सकाळी चहा गाळत होते.
"रेंज हाय का गं तुझ्या फोनला?"
"हाय की."
बशीत सांडलेला चहा त्यानं कपात परत ओतला,
एक थेंब न सांडता.