गळ

मातुझिन्यूशच्या सार्डिनच्या कारखान्यात
हिशेबाच्या खोलीत दोन टेबलं आहेत:
एक माझं, एक देओलिंदाचं.
खिडकीतून गोदी दिसते, समुद्र दिसत नाही.
वास मात्र दोन्हींचा येतो.

माझी मार्चमधली गोष्ट आधी सांगतो,
नाहीतर पुढचं सगळं शहाणपणासारखं वाटेल.

पार्सल कस्टममध्ये अडकलंय, असा मेल होता.
एक युरो नव्याण्णव सेंट भरा, चोवीस तासांत.
आणि मी खरंच एका पार्सलची वाट बघत होतो:
लेकीच्या श्रवणयंत्राचा सुटा भाग, नखाएवढा.
बारा दिवस झाले होते.
त्यांना माझ्या लेकीचं काही ठाऊक नव्हतं.
त्यांनी लाखभर लोकांत गळ सोडला होता,
आणि लाखात कुणी ना कुणी
कशाची तरी वाट बघतच असतं.
आमिष त्यांनी लावलंच नव्हतं.
ते माझ्याकडेच होतं.
रविवारी पहाटे खात्यात अकरा युरो उरले.
बायकोला सांगायला मंगळवार उजाडला.

देओलिंदाला सांगितलं तेव्हा ती हसली नाही.
म्हणाली, माझे बाबा गळ घरीच बनवायचे.
पत्र्याची चकती, कोंबड्याचं पीस, लाल दोरा.
हातात घेतलं तर मासा म्हणावं
असं त्यात काही नसायचं.
पाण्यात तो पळवावा लागतो, म्हणायचे, घाईघाईनं.
थांबला की माशाला पत्रा दिसतो.

तर काल. शुक्रवार, पावणेपाच.
देओलिंदाच्या पडद्यावर मालकांचा मेल:
प्रिय देओलिंदा, आपण कुशल असाल अशी आशा आहे.
मौराच्या तेलवाल्यांनी खातं बदललंय,
नवा क्रमांक सोबत जोडला आहे.
अठ्ठेचाळीस हजार, आजच.
कृपया आजच, अशी तीनदा गळ घातलेली.
मी बैठकीत आहे, फोन करू नये.
कुणाजवळ बोलू नये.

देओलिंदानं खुर्ची मागे सरकवली.
"बावीस वर्षांत या माणसानं मला
एकदाही प्रिय म्हटलेलं नाही.
स्वल्पविराम तर त्याला ठाऊकच नाही.
हा कोण एवढा शिकलेला?"

मग चष्मा कपाळावर चढवून
तिनं पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला,
एकेका अक्षरावर बोट ठेवत.
कारखान्याच्या नावात जिथे एम हवा
तिथे आर आणि एन खेटून उभे होते,
एकाच तिकिटावर आत शिरलेल्या दोघांसारखे.

मेलच्या तळाशी एक फोन नंबर होता.
तो तिनं लावला नाही.
कॅलेंडरमागे भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेला
एक जुना नंबर आहे, पुसट झालेला.
तो लावला.

पलीकडचा आवाज मालकांचा वाटेना.
जाड, ओला, शब्द गालात अडकलेले.
देओलिंदाचा चेहरा उतरला.
मेल खोटा, हे तर कळलं होतं.
आता माणूसही खोटा?
मी म्हटलं, ठेव फोन.
तिनं हातानंच मला गप्प केलं आणि विचारलं:
"वखारीत बर्फाच्या मोटारीवर
उबेला झोपते त्या मांजरीचं नाव काय?"

बराच वेळ काहीच नाही.
मग दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतून,
अर्धी जीभ बधिर असलेले आमचे मालक म्हणाले:
"फ्फिलोमेना. का? मेली का?"

नाही मेली.
पैसेही जागच्या जागी.
मी तो मेल पुसायला गेलो
तर देओलिंदा म्हणाली, थांब,
आधी बँकेला दाखवू.
मग ती पर्स घेऊन बस पकडायला गेली,
शुक्रवारी जाते तशीच, पाच मिनिटं उशिरा.

लेकीचं पार्सल एप्रिलात आलं होतं,
कसलाही मेल न करता.
पोस्टमननं बेल वाजवली.
ती तिला ऐकू आली नाही,
म्हणून दार मी उघडलं
आणि सही करण्याआधी त्याला विचारलं,
कुणाकडून?
दोनदा विचारलं.